दहा फेर झाले म्हणजे निम्मी गोधडी झाली

उदगीरच्या एका ताईंनी विचारलंय: आजी वारल्यावर तिची चार सुती लुगडी माझ्या वाट्याला आली. त्यांची सात बाय पाच फुटांची गोधडी तीन वर्षांपूर्वी शिवायला घेतली. बाहेरून आत, चौकोनात चौकोन असे टाक्यांचे दहा फेर घातले आणि काम थांबलं. शाळेतली नोकरी, दोन लहान लेकरं, अंथरुणाला खिळलेले सासरे. वेळच मिळत नाही. आता मधल्या भागात कापडाचा झोळही दिसायला लागलाय. उरलेली मशीनवर मारून घेऊ, कुणाला मजुरीनं देऊ, की उसवून लुगडी घडी घालून ठेवून देऊ?

ताई, मी औसा तालुक्यातली. पस्तीस वर्षं झाली शिवतेय. आमच्याकडची जुनी माणसं वाकळ म्हणतात, लेकीसुना गोधडी म्हणतात. घरच्या शिवल्या, माहेरवाशिणींच्या शिवल्या, मजुरीनं लोकांच्याही शिवल्या. तेवढ्या अनुभवावर सांगते. उसवू मात्र नका, हे आधीच सांगून ठेवते. जुन्या लुगड्यातून दोरा ओढून काढताना कापड चिरतं. एकदा चिरलं की ते ना लुगडं राहत, ना गोधडीच्या कामाचं.

वेळ मिळत नाही हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण तुमचं लिहिणं वाचून मला वाटलं की तुम्हाला वेळेपेक्षा पसारा जास्त अडवतोय. सात बाय पाचचं धूड पेटीतून काढायचं, खोलीभर अंथरायचं, लेकरांना बाजूला करायचं, सुई शोधायची, दोरा ओवायचा. तोवर मामंजींची हाक येते, की पुन्हा सगळं गोळा करायचं. शिवणं दहा मिनिटांचं आणि मांडामांड अर्ध्या तासाची. असं चार वेळा झालं की पाचव्यांदा पेटी उघडायला हात जात नाही. म्हणजे सोडवायच्या गोष्टी दोन आहेत, पसारा आणि झोळ. मशीन की हात, ते त्यानंतर ठरतं.

त्याआधी एक हिशेब करू. तुमच्यासारख्या कितीतरी जणी इथंच हातपाय गाळतात. सात बाय पाच म्हणजे ८४ इंच बाय ६० इंच. दोन फेरांत एक इंच अंतर धरलं तर मध्यापर्यंत तीस फेर होतात. तुमचे दहा झाले, वीस राहिले. म्हणून तुम्हाला वाटतं, तीन वर्षांत तिसरा हिस्साच झाला. पण बाहेरचा पहिला फेर २८८ इंचांचा असतो, म्हणजे २४ फूट. पुढचा प्रत्येक फेर आठ इंचांनी कमी होत जातो. बेरीज केली तर तीसही फेर मिळून साधारण ४३० फूट शिवण होते आणि त्यातली २१० फूट पहिल्या दहा फेरांतच संपते. ताई, तुमची गोधडी निम्मी झालेली आहे. मधले दहा फेर १४३ फुटांचे आणि शेवटचे दहा जेमतेम ७७ फुटांचे. शेवटचे शेवटचे फेर तर एका बैठकीत दोन-तीन होतात. सगळ्यात दमवणारा भाग तुम्ही आधीच पार केलाय.

उरलेल्या २२० फुटांकडे फेरांच्या हिशेबानं बघू नका, दोऱ्यांच्या हिशेबानं बघा. मी दोरा दोन हात लांबीचा घेते, म्हणजे तीन फूट. त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि जुन्या कापडातून सारखा ओढला जाऊन दोराच झिजतो. सहा पदरांतून, म्हणजे कापडाच्या सहा थरांतून, इंचाला चार टाके घालत गेलं तर अशा एका दोऱ्यात दोन फूट शिवण निघते. टाके भरायला आणि सुरुवात-शेवट पक्का करायला बाकीचा जातो. तुमचे उरलेत ११० दोरे. एका दोऱ्याला मला दहा मिनिटं लागतात, तुम्हाला बारा लागतील. रोज तीन दोरे झाले तर सदतीस दिवस. मामंजींना दवाखान्यात न्यायचं, पाहुणे, परीक्षेचे पेपर, लेकराचा ताप, हे सगळं धरून दोन-अडीच महिने. महालक्ष्म्या उठल्यावर सुरू केलंत तर येळवसेच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या आत अंगावर घेता येईल. आणि दोरा संपला की काम आपोआप थांबण्याजोगं होतं. फेर अर्धवट राहिला तर मनाला रुखरुख लागते, दोरा संपल्यावर तसं होत नाही. त्यामुळं उठता येतं आणि परत बसताही येतं.

आता झोळाकडे येते, कारण खरं कौशल्य तिथंच आहे.

बाहेरून आत शिवत गेलं की प्रत्येक फेर वरचं कापड केसभर आत ढकलतो. सुई खाली जाताना वरचा पदर दाबला जातो, खालचा तसाच राहतो. दहा फेरांत हे केसभर साठून बोटभर होतं. आत जाईल तसं ते मधे गोळा होतं, कारण त्याला जायला दुसरी जागाच नसते. आपल्या आज्या हे टाळायला शिवायच्या आधी सगळ्या वाकळीला कच्चे टाके, म्हणजे मागून काढून टाकायचे लांब-सैल टाके घालायच्या, मधून सुरू करून बाहेर. तुम्ही कच्चे टाके घातलेत का, ते लिहिलेलं नाही. माझा अंदाज, नुसते काठाला घातले असावेत.

किती झोळ आहे त्यावर उपाय ठरतो. सकाळच्या उजेडात गोधडी सपाट फरशीवर अंथरा, ओलं फडकं फिरवून कोरड्या केलेल्या. मधोमध तळहात ठेवा आणि चारही बाजूंना कापड सारत जा. शेवटच्या फेराजवळ जी घडी उभी राहते ती चिमटीत धरून मोजा. एक बोटापर्यंत असेल तर काहीच उसवायचं नाही. मधून बाहेर कच्चे टाके घालताना ती थोडी थोडी वाटली जाते आणि पहिल्या धुण्यानंतर तर दिसतही नाही, कारण सुती कापड आखडतं आणि सगळ्या गोधडीवरच बारीक सुरकुती येते. ती सुरकुतीच गोधडीची ऊब धरते.

दोन बोटांहून जास्त असेल तर झोळ वरच्या पदराचा आहे की आतल्या, ते आधी शोधा. गोधडी उजेडासमोर धरली की आतली दुमड सावलीसारखी काळी दिसते. आतल्या पदराची असेल तर शेवटचे दोन फेर एका बाजूनं हातभर उसवा. इथं दोरा ओढायचा नाही, दर चार टाक्यांना कात्रीनं कापून चिमटीनं काढायचा. आत हात घाला, दुमड कापा आणि दोन्ही कडा एकमेकींवर इंचभर चढवून कच्चा टाका मारा. आत जोड आला म्हणून बिघडत नाही. नाहीतरी लुगड्याचा पन्ना चार फुटांच्या आतबाहेर असतो, पाच फुटी गोधडीत जोड येतोच. जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत एवढंच. नाहीतर तिथं दोरखंडासारखी वळकटी होते आणि निजणाराच्या पाठीला टोचते.

वरच्या पदराचा झोळ असेल तर तो झाकायचा नाही, मधोमध सरळ एक चुणी घेऊन दाबायचा आणि वर लुगड्याच्या काठाची चौकोनी पट्टी बसवायची. आजीच्या लुगड्यांचे काठ तुम्ही काढून ठेवले असतील तर यासारखी दुसरी जागा नाही. माझ्या घरातल्या दोन वाकळांना मधे असा हिरवा काठ आहे. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते.

आता कच्च्या टाक्यांची गोष्ट सांगते, कारण मी ती फार वाईट दिवसांत शिकले. सप्टेंबर १९९३ मध्ये माझ्या आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, एक वाकळ अर्धी शिवून दांडीवर टाकलेली होती. पाच-सहा फेर झालेले, आत नुसते पदर. ३० तारखेच्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. आमच्या घराच्या भिंतींना भेगा गेल्या, माणसं वाचली. पण पुढं कितीतरी दिवस कुणी आत निजायला तयार नव्हतं. अंगणात, मोकळ्या रानात निजायचो. घरात पळत जाऊन हाताला येईल ते अंथरूण-पांघरूण बाहेर आणलं, त्यात ती अर्धी वाकळही आली. तीन लेकरं तिच्याखाली निजली. शिवलेली की अर्धी, हे कुणी बघितलं नाही. दिवाळीनंतर आत्याबाईंनी ती पुन्हा हातात घेतली तेव्हा आतले सगळे पदर पायथ्याकडं जमून गोळा झाले होते आणि वरच्या बाजूला नुसती दोन पदरांची पिशवी राहिली होती. त्यांनी एक बाजू उसवली, सगळे पदर आडवे-उभे सरळ केले, आणि मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वीतभर अंतरानं उभे-आडवे कच्चे टाके घातले. जाळीच म्हणा ना. मला म्हणाल्या, "आता लेकरांला पांघराय दे. शिवणं व्हईल सावकाश." पुढचे तीन महिने रात्री लेकरं ती पांघरत होती आणि दुपारी आम्ही दोघी तीच शिवत होतो.

म्हणून ताई, तुम्हालाही हेच करायला सांगते. झोळ काढून झाला की एका रविवारी उरलेल्या सगळ्या मधल्या भागाला वीत-वीत अंतरावर कच्च्या टाक्यांची जाळी घाला. मधून सुरू करा, चारही बाजूंना जा. दोन-अडीच तासांचं काम आहे. रंगीत दोरा घ्या, म्हणजे मागून काढताना दिसतो. आणि मग ती गोधडी पेटीत ठेवू नका. पलंगावर टाका, लेकरांना पांघरू द्या. पुरी होईपर्यंत वापरायची नाही म्हणून जी गोधडी बांधून ठेवली जाते, ती बांधलेलीच राहते. मी असे कितीतरी गाठोडे बघितलेत, त्यात कसर लागते, उंदीर शिरतात. रोज हाताखाली असली की शिवलीही जाते. दोनच पथ्यं पाळा. पुरी होईपर्यंत धुवायची नाही, आणि रात्री अंगावर घेण्याआधी सुई बाहेर काढलेली असली पाहिजे.

सुईचं मी फार कडकपणे पाळते. एका डबीत मोजून पाच सुया. बसताना पाच, उठताना पाच. चार भरल्या तर पाचवी सापडेपर्यंत त्या जागेवर कुणी बसायचं नाही. लोहचुंबकाचा तुकडा डबीतच ठेवा, शोधायला बरा पडतो. पाचही सुयांत सकाळी दोरा ओवून ठेवायचा. हे काम दुसऱ्यालाही देता येतं. तुमच्या मोठ्या लेकराची नजर तुमच्यापेक्षा तीक्ष्ण आहे. मामंजींचे हात चालत असतील आणि त्यांना आवडत असेल तर दोरा मेणावरून फिरवून द्यायचं काम त्यांना द्या. साधी मेणबत्ती चालते. मेण लावलेला दोरा गुंतत नाही आणि सहा पदरांतून सुळकन जातो. आमचे मामंजी शेवटी दोन वर्षं खाटेवरच होते. रोज दुपारी ते दोरे मेणवून खाटेच्या कडेला लटकवायचे आणि "किती झाले गं?" विचारायचे. शिवायची जागाही मी त्यांच्या खाटेपाशीच केली होती. तुम्हीही तसं करून बघा. त्यांच्यापाशी बसावं लागतंच, मग गोधडी तिथंच असू द्या. हाक आली की उठावं लागत नाही.

पण खाटेपाशी खोलीभर अंथरून कसं बसणार? म्हणून पसाऱ्याचा उपाय. गोधडीची घडी घालू नका, वळकटी करा. जुन्या पडद्याचा दांडा किंवा वेळूची काठी घ्या, दोन्ही टोकांकडून गुंडाळत आणा आणि मधला दीड हात तेवढा मांडीवर मोकळा ठेवा. मात्र फेर घालताना गोधडी सारखी फिरवावी लागते, वळकटीत ते जमत नाही. त्यामुळं उरलेल्या भागाला फेर सोडून आडव्या ओळी घाला असं मी सुचवेन. तुमचा उरलेला चौकोन ६४ बाय ४० इंचांचा आहे. ४० इंची ओळी घातल्या तर एका ओळीला दीड दोऱ्याहून थोडा जास्त लागतो आणि एकूण काम जवळपास तेवढंच राहतं. पहिली ओळ बरोबर मधोमध घाला, मग एकदा वरच्या अंगाला, एकदा खालच्या. एका टोकाकडून सुरू केलंत तर उरलासुरला झोळ दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवाल.

काही जणींना हे पटणार नाही. गोधडी म्हणजे फेरच, चौकोनात चौकोन, असं त्या म्हणतील. मलाही फेरच आवडतात. कोपऱ्यावर सुई वळवताना जे समाधान आहे ते ओळीत नाही. घरात लेकरं मोठी असती, मोकळी ओसरी असती, तर मी तुम्हाला फेरच घाला म्हटलं असतं. पण बाहेरचे दहा फेर आणि आत ओळी, अशा दोन वाकळा मी स्वतः शिवल्यात. ऊब तीच असते, आणि त्या पुऱ्या झाल्या.

मशीनचं थोडक्यात. कापड किती विरलंय त्यावर आहे. लुगड्याची एक घडी दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. चर्र असा आवाज आला किंवा धागे विलग झाले तर मशीनचं नावही काढू नका. मशीनचा टाका बारीक आणि घट्ट, जुन्या कापडाला ती भोकांची रेघच होते आणि वर्षभरात त्याच रेघेवर गोधडी फाटते. शिवाय घरगुती मशीनखाली सहा पदर सरकत नाहीत, वरचा पदर मागं राहतो आणि झोळ आणखी वाढतो. कापड दणकट असेल तर चारही कडांची पट्टी मशीनवर मारून घ्या, तिथं मशीनच बरी. धुताना सगळी ओढ कडांवर येते.

हातानं शिवतानाही सुई लांब आणि बारीक हवी. दाभण घेतला तर काम भराभर होतं, पण विरलेल्या लुगड्याला तो चाळणी करून टाकतो. मधल्या बोटाला टोपण घाला, नाहीतर चौथ्या दिवशी बोट सुजून काम बंद पडतं.

मजुरीनं द्यायला माझी काहीच हरकत नाही. त्यात कमीपणा कसला? आपल्या भागात कितीतरी बायांचं घर त्यावर चालतं. फक्त अर्धी गोधडी देताना दोन गोष्टी बोलून घ्या. आत टेरिकॉट किंवा नायलॉनचा पदर आहे का ते आधीच सांगा, कारण तो निसटतो, त्यातून सुई अडकत जाते आणि मजुरी त्यावर ठरते. आणि दुसऱ्या हाताचा टाका तुमच्या टाक्यासारखा येणार नाही, हे मनाशी धरून ठेवा. कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल. एकाच फेरात दोन हात आले की तिथं कापड आखडतं. म्हणून मदतीला जाऊबाई, नणंद, शेजारीण कुणी बसणार असेल तर प्रत्येकीला पुरी ओळ द्या, ओळीचा तुकडा देऊ नका. माझ्या धाकट्या लेकीनं नऊ वर्षांची असताना घातलेली एक वाकडी ओळ माझ्या पांघरुणात आहे, तिला मी लाल दोरा दिला होता. आता तिचं लेकरू ती ओळ बोटानं शोधतं.

पुरी झाली की कच्चे टाके काढा, दोन दिवस कडक उन्हात टाका. पहिलं धुणं थंड पाण्यात, आजीच्या लाल-हिरव्या लुगड्यांचा रंग जातो. पिळायची नाही. सहा पदर पाणी पिऊन इतके जड होतात की पिळताना टाकेच तुटतात. दोघांनी धरून कुंपणावर किंवा धोंड्यावर निथळू द्यायची. आपल्याकडं पाण्याची काय गत असते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून मी वर्षातून एकदाच, घटस्थापनेच्या आधी धुते, आणि लेकरांच्या गोधड्यांना सुती खोळ घालते.

आता तुम्ही एवढं करा. येत्या रविवारी गोधडी अंथरून झोळ किती बोटं आहे ते मोजा, आणि उजेडासमोर धरून तो वरच्या पदराचा आहे की आतल्या, ते बघा. जाळी घालायच्या आधी मला कळवा. दोन बोटांहून जास्त निघाला तर कुठून उसवायचं ते नीट सांगते.